सोबतचा माणूस

एक्स-रेच्या खोलीबाहेर ती आपला नंबर यायची वाट बघत होती. मागे चाकाच्या खुर्चीत एक जण खोकत होता आणि बाकावरचा दुसरा त्याच्यावर दबक्या आवाजात खेकसत होता. तिनं मान वळवली नाही, पण पुस्तकाचं पानही उलटलं नाही.

"साहेब, इथंही पाठलाग? पोलिसातून हाकलून जमाना झाला की तुम्हाला."

"पोरीला कुठं पुरलंस तेवढं सांग. परत तोंड दाखवणार नाही."

"कोर्टानं मला निर्दोष सोडलंय."

"माझ्यामुळे सोडलंय."

"ते मात्र खरं. तिचं कानातलं माझ्या गादीखाली नेऊन ठेवायची एवढी काय घाई झाली होती? जरा दम धरला असतात, तर खरा पुरावा सापडला असता."

"कुठं?"

"बघा, लगेच कान टवकारले!"

"तिची आई अजून तिचं ताट वाढते रे."

"वाढू दे."

"डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"फार दिवस नाहीत म्हणाले. चेहरा का पडला, साहेब? माझ्या सख्ख्या भावाला एवढी काळजी नाही."

"मरायच्या आधी सांग. पाया पडतो तुझ्या."

"आणि सांगितल्यावर? उद्यापासून माझ्याबरोबर कोण येणार?"

दार उघडलं. नर्सनं बाहेर डोकावून विचारलं, "खुर्चीवाल्या आजोबांच्या सोबत कोण आहे?"

बाकावरचा उठला आणि त्यानं खुर्चीची मूठ धरली.

"मी आहे," साहेब म्हणाले.

खुर्ची पुढे जावी म्हणून तिनं पाय आत ओढून घेतले.