खाऱ्या पाण्याची टाकी

अहो न्हाई, त्या बटणाला हात लावू नका — चालूच राहू दे ते — बसा तुम्ही आधी, चहा ठेवलाय. पुंडलिक घरात न्हाई, पण तुमचं सांगून गेलाय, बेळगावचे हॉटेलवाले येतील, माशांची टाकी उचलून न्हेतील, अक्का, तू फक्त दार उघड म्हणाला. फक्त दार उघड! जलमभर ह्या भावाची दारंच उघडायलीय मी. मी शांता, त्याची थोरली बहीण. माझा नवरा गेला तेव्हापासनं ह्याच्याकडंच — हे होमस्टे काढलं तेव्हा म्हणाला, अक्का, तूच मालकीण. मालकीण म्हंजे काय, तर खोल्या झाडायच्या, पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायच्या अन् तुमच्यासारखं कोण आलं की दार उघडायचं. बघा की टाकी, लांबनं बघा. म्हैस आडवी झोपेल एवढी हाय. आत आणताना दाराची चौकट काढायला लागली होती. काय म्हणालात? आत नुसते दगडच हायत? रिकामी हाय? — रिकामी म्हणे! बसा हो, बसा.

आता तुम्हीच सांगा, ह्या जोयड्यात माणूस येतो कशाला? गवारेडा बघायला, धनेश बघायला, काळी नदीत रबराच्या होडीतनं भिजायला. कुळगीला तंबूत झोपतात अन् सकाळी उठून झाडाकडं माना वर करून मान आखडून घेतात. आमचा पुंडलिक त्या जंगलाच्या मधोमध समुद्र मांडून बसला. डोकं कुणाचं? बायकोचं. पूर्णिमा — आमची भावजय — कारवारची. बापाची होडी, आणि ही समुद्रातल्या जिवांचं शिकलेली, कॉलेजात. लग्न होऊन हितं आली अन् वर्सभर गप्प. मी म्हटलं, अगं काय कमी हाय तुला, चारी बाजूला हिरवंगार — तर म्हणाली, अक्का, तेच तर, हितं आभाळ कुठं संपतं ते दिसतच न्हाई. मला हसू आलं तेव्हा. आभाळ संपलेलं बघून काय करायचंय माणसाला? पण पुंडलिकनं गोव्यात कुठल्याशा हॉटेलात असली टाकी बघितली — आत नारिंगी मासे, रंगीत फुलं म्हंजे फुलं न्हवं, ती बी जनावरंच — अन् घरी येऊन म्हणाला, पूर्णिमा, तुला समुद्रच आणून देतो. तिला वाटलं नवरा समुद्र देतोय. ह्याच्या डोक्यात बोर्ड होता — जंगलातलं एकमेव कोरल होमस्टे. एकाच टाकीत दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी बघितल्या, अन् दोघं खूश. नवराबायकोत असंच असतंय म्हणा.

मग काय विचारता. गाळलेलं पाणी, त्यात समुद्राचं मीठ, वाळू, गोव्याहून आणलेले हे समुद्रातले भोकाभोकांचे दगड. पंप लावला, लाईट लावली, पाणी फिरायला लागलं. पुंडलिक म्हणाला, झालं, आता मासे. ती म्हणाली, मातशें राव. तिच्या कोकणीत जरा थांब असं म्हणायचं असलं की हेच — मातशें राव. म्हणाली, टाकीची सायकल चालू हाय, ती पुरी होऊ दे. सायकल! शेजारचा दुकानदार, लाडू त्याचं नाव, दुकान तसंच टाकून बघायला आला, म्हणाला, कोण चालवायलंय हो सायकल, ह्यात तर माणूस बसायचा न्हाई. गावभर झालं. रोज कोण तरी येऊन काचेला नाक लावायचं अन् दगडाला नमस्कार करून जायचं. आणि ती बिचारी समजावून सांगायची — पाण्यात काही मेलं, काही कुजलं, की विष होतंय, अमोनिया म्हणतात त्याला, म्हंजे शेतातल्या युरियाचा भाऊच की. ते विष खाणारे बारीक जीव असतात, डोळ्याला दिसत न्हाईत, ते आधी दगडात वाढायला पाहिजेत. ते वाढेपर्यंत पाणी नुसतं दिसायला स्वच्छ. मला पटलं बघा ते. पंगत बसवायच्या आधी खरकटं काढणारी माणसं नकोत काय घरात? पण हितं ऐकतंय कोण. बायका यायच्या, टाकीकडं बघायच्या — अजून काही न्हाई? — मग हिच्या पोटाकडं बघायच्या — अजून काही न्हाई? एकाच सुरात. एकदा तर त्यातल्याच केशरमामी म्हणाल्या, सगळं तुझं थांबूनच चाललंय की गं. हसल्या. ती बी हसली. हसली, अन् आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी.

चहा घ्या. साखर जास्त पडलीय काय? असू दे, पितात बेळगावात असलाच.

तर मागच्या बाजूला तो जेवणाचा हॉल दिसतोय न्हवं, त्याचं उद्घाटन निघालं. पंचायतीतली माणसं, ठेकेदार, खानापूरचे पाहुणे, सगळ्यांना आमंत्रण. अन् उद्घाटनात रिकामी टाकी कशी दाखवायची? सकाळी उठून हा गोव्याला पळाला अन् पिशव्यांतनं मासे घेऊन आला, नारिंगी पट्ट्याचे, एक निळा, नवऱ्या मुलीसारखा नटलेला. पूर्णिमा टाकीसमोर उभी राहिली. हात आडवे करून न्हाई हो, सिनेमातल्यासारखं न्हाई — नुसती उभी राहिली. म्हणाली, पाणी तयार न्हाई, मरतील. हा म्हणाला, पाणी काय भात हाय व्हय शिजायला? बाजूला केली तिला अन् सोडले. मीच बघितलं, माझ्या डोळ्यांदेखत. आणि खोटं कशाला बोला, पहिल्यांदा काय सुंदर दिसलं ते! सगळे मोबाईल घेऊन काचेला चिकटले. पुंडलिक तर असा उभा, जसा समुद्र ह्यानंच घातलाय जन्माला. मग पंगत बसली. जिलबी वाढायची वेळ आली अन् केशरमामी ओरडल्या — अगो बाई, तो नारिंगी मासा दुपारची झोप काढतोय काय?

झोप कसली. एक आडवा, मग दुसरा वरती येऊन धापा टाकायला लागला, निळा तर कोपऱ्यात जाऊन उभाच्या उभा थरथरायला लागला. सगळी पंगत उष्ट्या हातानं टाकीपुढं. आता इज्जत गेली म्हटल्यावर पुरुष माणूस काय करतंय? सांगा की, तुम्ही बी पुरुषच. दुसऱ्याच्या गळ्यात घालतंय. आमचा हा हसून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला — आमच्या शिकलेल्या बाईसाहेबांनीच सांगितलं होतं सोडा म्हणून, त्यांचं शास्त्र! कोण तरी म्हणालं, कॉलेजातले मासे कागदावरचे असतात हो. हशा. काय तो हशा, छप्पर उडायचं राहिलं. ती? तिनं जाळी आणली, एक एक मासा काढला, केळीच्या पानात गुंडाळला, परसात जास्वंदीच्या बुडात पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेली कारवारला, माहेरी. मी? तो हशा झाला तेव्हा मी कुठं होते — मी जिलबी वाढत होते. माणसं होती एवढी, कोणी तरी वाढायला पाहिजे का नको? असो.

आता लोक म्हणतात, काय बाई, माशासाठी नवरा सोडला! माशासाठी! ती दर्यावरची पोरगी हो, मासा तव्यावर टाकताना तिचा हात कधी थरथरला न्हाई. तिला मेलेल्या माशाचं काय? पण हे ह्या शहाण्याला कोण सांगणार. हा चार लोकांत म्हणत हिंडायचा, येईल चार दिवसांत, राग हाय. चार दिवस झाले, महिना झाला, पावसाळा गेला. ह्यानं एक फोन केला न्हाई. मी करू? मी मोठा माणूस हाय, हे ह्याचं. बायकोनं आधी करायचा.

आणि तिनं केला की, गेल्यावर दुसऱ्याच दिवशी. ह्याला न्हाई — मला. काय विचारलं असेल? तब्येत कशी, पुंडलिक जेवतो का? छ्या. म्हणाली, अक्का, पंप चालू हाय का?

म्हटलं हाय. खरं तर मासे मेले त्याच दिवशी पुंडलिक टाकी ओतून टाकणार होता, मीच म्हटलं, राहू दे रे, बादली भरायला कुणाला वेळ हाय. तर ती म्हणाली, मेलेल्या माशांनी विष केलंय, आता ते खाणारे वाढतील, फक्त बंद पडू देऊ नका. मग काय — रोज संध्याकाळी ते थेंबांचं. कपाटातनं तिच्या पाणी तपासायच्या बाटल्या काढायच्या, नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. हिरवं आलं की विष, पिवळं आलं की बरं. दुसऱ्या बाटलीत जांभळं वाईट, निळं चांगलं. फोटो काढून तिला पाठवायचा. पाणी उडून कमी होतं, मीठ उडत न्हाई, म्हणून वरनं घालायचं ते बिनमिठाचं — पुंडलिक एकदा सैंपाकातलं मीठ मूठभर घेऊन आला होता, समुद्र हाय म्हणून! हात धरला मी त्याचा. मग वाळूवर तपकिरी मळी धरली, पाहुणे म्हणायला लागले, म्हशीचं डबकं हाय काय हे. तिला विचारलं. ती म्हणाली, चांगलं हाय, धरू दे. घ्या, मळी धरली ते बी चांगलं! आणि उळवीच्या रस्त्याला झाड पडून तारा तुटल्या तो दिवस — दुपारपासनं लाईट न्हाई, बॅटरीबी बसली, पाणी फिरायचं थांबलं — तांब्या घेऊन बसले, भरायचा अन् उंचावरनं ओतायचा, भरायचा अन् ओतायचा, खांदा आला गळून. पुंडलिक दारातनं म्हणाला, अक्का, खुळी झालीस काय, दगडाला अंघोळ घालायलीस?

आणि आता पाणी निवळलं तर म्हणतो, बघ, आपोआप निवळलं. आपोआप! त्याच्या भाकऱ्याबी आपोआप थापल्या जातात, कपडेबी आपोआप धुवून दोरीवर चढतात, बहीण बी आपोआप चालते त्याची, वीज न लागता. ...काय म्हणालात? मीच करायलीय व्हय हे सगळं? मी कुठं म्हटलं तसं? कोण तरी करायलाच पाहिजे होतं, म्हणून हात लागला. मला काय त्याचं. मला तर त्या पंपाच्या आवाजानं सुरुवातीला झोप येत न्हवती — आता तो बंद पडला तर जाग येते, ते वेगळं.

हितं या. या की, बटण सोडून. रिकामी म्हणालात न्हवं? त्या दगडाच्या खालच्या भोकात बघा. न्हाई, त्याच्या डाव्या अंगाला. दिसली? नखाएवढी चांदणी. पाच पाय. तिला कुणी आणली न्हाई, कुणी सोडली न्हाई. दगडातच होती, कुठं तरी आत. एवढं विष झालं, मासे मेले, लाईट गेली — ही आतच बसून राहिली अन् पाणी बरं झालं तशी एक दिवस काचेवर चढली. मी झाडू टाकून पूर्णीला व्हिडीओ लावला. तिनं तिकडं स्क्रीनलाच नाक लावलं. मग म्हणाली, अक्का, फोन जरा जवळ न्या. बास, एवढंच. कितीतरी वेळ आम्ही दोघी तशाच — ती कारवारात, मी हितं, अन् मधे ती चांदणी काचेवरनं चाललीय, तुमच्या आमच्या घाईचं तिला काही सोयरसुतक न्हाई.

काल काय झालं, शिवानंदमामा आले, आमच्या आईचे भाऊ, त्यांनी पुंडलिकला झापलं, चल म्हणाले कारवारला, बायकोला घेऊन येऊ. हा तयार. तयार म्हंजे काय, आतनं कधीचाच तयार होता, कोण तरी ढकलायला पाहिजे होतं. पण जाता जाता ह्यानं काय अक्कल चालवावी? तुम्हाला फोन केला. म्हणतो, अक्का, ती यायच्या आधी टाकी जाऊ दे, भांडणाचं मूळच उपटून टाकतो. मूळ! मूळ टाकीत हाय काय रे बाबा? मूळ तुझ्या जिभेत हाय. ती उपटून देतोस काय बेळगाववाल्याला?

न्हाई, तुमचा काय दोष, तुम्ही कशाला उठताय. सौदा झालाय म्हणताय — व्हय, झालाय, त्याच्याशी झालाय — थांबा, फोन. त्याचाच हाय.

हां, बोल. पोचलात? ...व्हय, आलेत ते, समोर बसलेत, चहा पितायत. ...न्हाई. न्हाई दिली. ...ओरडू नको, मला ऐकू येतंय. ती काय म्हणाली ते सांग. ...खोलीतनं बाहेरच येत न्हाई? बरोबर हाय, कशाला येईल? तू तिला काय सांगितलंस? ...टाकी विकली, आता कटकट मिटली, असं सांगितलंस? अरे देवा. मामा, ह्याला तुम्ही घेऊन कशाला गेलात, त्यापेक्षा नारळ न्यायचा. — पुंडलिक, ऐक. टाकी हाय. हितंच हाय, चालू हाय, अन् पाणी आता तयार हाय. हे मी तिला सांगीन. तू दुसरं सांगायचं. तिच्या बापासमोर, मामासमोर. काय सांगायचं? अजून मला विचारतोस काय सांगायचं? ती थांब म्हणाली होती अन् तू सोडलेस. एवढंच. ...नंतर न्हाई. आता. दाराशी जा तिच्या. मी हाय फोनवर.

...

झालं बोलून? ऐकू न्हाई आलं. परत. मोठ्यानं, पंगतीत बोलला होतास तसं.

...

हां.

...दार उघडलं? ...बरं. बरं. न्हाई, तिला नको देऊ आता फोन, काय बोलू मी — आधी पाणी दे तिला. निघताना सांग. ठेव.

काय बघायलाय असं? चहा झाला न्हवं तुमचा? मग उठा की. टाकी बिकी काय विकायची न्हाई, त्याच्याशी सौदा झाला असेल तर त्याला कोर्टात ओढा, मी येते साक्षीला. आणि ती गाडी तुमची फाटकातनं बाजूला घ्या आधी — दिवस मावळायच्या आत कारवारची जीप यायचीय.