सुटलेला टाका

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती सर्जनसाहेब, वहिनी आणि जमलेल्या सुहृदांनो,

मी समोरच्या रुग्णालयाचा सर्जन. साहेबांना निवृत्तीचा निरोप द्यायला मी उभा राहिलोय, याचं काहींना नवल वाटत असेल. वाटू द्या. एके काळी समोरासमोर आलो की आम्ही दोघंही मान वळवत होतो.

साहेबांच्या रुग्णालयातल्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचं हर्नियाचं ऑपरेशन त्यांनीच दुर्बिणीतून केलं. झकास झालं. माणूस घरी गेला आणि दोन-चार दिवसांत पोट फुगून, उलट्या करत परत आला. वॉर्डात सगळे म्हणाले, गॅस असेल. तो मुलखाचा चेष्टेखोर, त्याचं कण्हणंही लोकांना नाटक वाटलं. त्याची बायको मात्र साहेबांची वाट अडवून उभी राहिली. "साहेब, सकाळपासून यांनी कुणाची टिंगल केली नाही हो."

त्या वाक्यावर साहेबांनी स्कॅन करायला लावला. पोटाच्या आतल्या पातळ पडद्याला साहेबांनी घातलेली शिवण उसवली होती आणि त्या फटीत आतडं अडकलं होतं. असं क्वचित होतं. पण ज्याला होतं, त्याला त्या क्वचितचं काय कौतुक?

आणि माझा फोन वाजला. "माझाच टाका सुटलाय. माझे डोळे माझीच बाजू घेतील. तुम्ही या." सांगा, आपल्यापैकी कितीजण असा फोन करतील? तोही माझ्यासारख्याला?

पोट उघडलं. आतडं काळंनिळं पडलेलं. साहेब म्हणाले, "मला ते बरं दिसतंय, म्हणूनच मी ठरवणार नाही. कापायचं की ठेवायचं, तुम्ही ठरवा." मी ते फटीतून सोडवलं आणि रक्त परत फिरतंय का ते पाहायला कोमट सलाइनच्या कापडात गुंडाळून ठेवलं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. कापड उचललं, तर हळूहळू गुलाबी रंग चढत होता. बोटभर तुकडा तेवढा काळाच राहिला. तो कापला, टोकं जोडली.

बाहेर बायको उभी होती. मी कुजबुजलो, "क्वचित होतं असं, एवढंच सांगा." साहेब तिला म्हणाले, "माझा टाका सुटला होता."

ती म्हणाली, "मग आताचे टाकेही तुम्हीच काढायचे. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

ड्रायव्हरने शुद्धीवर येताच माझ्या टकलापासून सुरुवात केली.

आयोजकांनी मला बोलावण्याचं धाडस केलं, त्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. आणि साहेब, त्या दिवसापासून माझ्या हातून काही बिघडलं, की मी तुम्हालाच हाक मारत आलोय. ऑपरेशनं खुशाल बंद करा. फोन तेवढा उचलत राहा. मला एकट्याला भीती वाटते.