घायपाताची एकादशी

नंजनगूडच्या बसमध्ये येसाजीरावांच्या पुढच्या बाकावर जानकीबाई मांडीवर कुंडी घेऊन बसल्या होत्या, शेजारी सुमित्रा. कुंडीतला चिमुकला वाळवंटी घायपात बुडाशी पिवळा पडला होता.

“सुमित्रा, दसऱ्याला लेक येईल. तिच्या झाडाचं काय सांगू गं?”

“पाणी किती घालता, अक्का?”

“तुळशीला घालते तसंच, रोज.”

“अय्यो! म्हणूनच मुळं कुजली. शेंडा हिरवा आहे, जगेल. कुजकं कापा, शेंडा सुकवा, वाळूत लावा. आठवडाभर थेंब नको. पुढे पंधरवड्यातून एकदाच.”

“लेकीचं झाड उपाशी ठेवू?”

“तुम्ही एकादशी धरताच की!”

“मग माझा उपास, त्या दिवशी याचं जेवण. म्हणजे विसरणार नाही. पुढची एकादशी कधी?”

“परवाच, मंगळवारी,” येसाजीराव न राहवून म्हणाले. “पण ती तुमची, बाई. झाडाची त्यापुढची.”