पांढरा दाणा म्हणजे हो

...नाही हो, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय आखूड आहे, माणूस बोलता बोलता भिंतीकडे कलतो – ही खुर्ची घ्या, थांबा, टॉवेल बाजूला करते. हां, बसा निवांत. आतलं काही इतक्यात उरकत नाही. नऊ माणसं, एक खोली, एक पंखा – आणि नवांतल्या प्रत्येकाला वाटतं की फुटबॉल आपल्याच अंगणात जन्माला आला. तुमची मुलाखत झाली ना? मग सुटलात तुम्ही. आता त्यांनी मतं टाकायची आणि तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून वाट बघायची. क्लबच्या कचेरीचं छत गळायला लागलं, तेव्हापासून मॅनेजरची निवड आमच्या घरी होते – आमचे हे अध्यक्ष ना – आणि उमेदवार येतो माझ्या वाट्याला. गेल्या रविवारी दोघं येऊन गेले. एकानं फोनमधून डोकं वर काढलं नाही. दुसऱ्यानं विचारलं, अध्यक्षांकडे कामाला किती वर्षं झाली? म्हटलं, लग्न झाल्यापासून. दोघांनाही काळे पडले. मी काही बोलले नव्हते हां आत जाऊन, आपोआपच पडले.

काळे म्हणजे काळे दाणे. सांगितलं नाही तुम्हाला कुणी? घेवड्याचे दाणे हो, काळे आणि पांढरे. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. ज्यानं क्लब काढला त्या म्हाताऱ्यानं घालून दिलेली पद्धत आहे. प्रत्येकानं एक पांढरा आणि एक काळा उचलायचा, मूठ झाकायची, एक दाणा पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि दुसरा खिशात. कुणी काय टाकलं कुणाला कळत नाही. मधे एकदा चिठ्ठ्या करून बघितल्या होत्या, पण अक्षरं ओळखू आली आणि सख्ख्या व्याह्यांनी तीन वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल ठेवलं नाही. तेव्हापासून पुन्हा घेवडा. गंमत वाटते ना? पण बरं असतं हो, माणसाला नाही म्हणायला एक झाकली मूठ लागते. – शोधतेय! ऐकलंत? तेच विचारतायत, पांढरे मिळाले का. आज डबा उघडला तर आत नुसते काळे. खजिनदार म्हणाले शर्टाची बटणं घेऊ, तर बाकीचे त्यांच्यावरच धावून गेले. दुकान आज बंद. आणि आज निवडीचा शेवटचा दिवस, दिवे लागेपर्यंत झाली नाही तर आहे तोच मॅनेजर आणखी एक वर्ष, असा नियमच आहे. दिवे लागायलाही आता काही फार वेळ उरलेला नाही. – ते झाकण नका हो उचलू. काही नाही त्यात. संध्याकाळच्या जेवणाचं आहे.

...बघितलंत होय. बरं. बघितलंत तर बघितलंत, आता ओरडू नका. चूक झाली. माणसाच्या हातून चूक होत नाही का? धाकटा भाऊ जेवायला येणार आज, त्याला घेवडा आवडतो, काल संध्याकाळी डबा हाताला लागला, घातला भिजत. क्लबचा डबा शेजारीच असतो, गडबडीत कुठला डबा कुठला – हो, त्याच्यावर क्लबचं नाव आहे. लाल अक्षरांत आहे. मोठं आहे. वाचता येतं मला. – आणि पांढरेच तेवढे कसे आले? अहो, तुम्ही मॅनेजर व्हायला आलात की फौजदार? निवडले. बसून निवडले एकेक. झालं समाधान?

आता एवढं कळलंय तर पुढचंही ऐका. आहे तोच मॅनेजर, तो आहे तोच म्हणजे माझा धाकटा भाऊ. तुम्हाला माहीत असणारच. आई गेली तेव्हा तो एवढा होता, या ओट्याएवढा, माझ्याच हाताखाली वाढला. पहिले बूट मी घेऊन दिले, मोठे झाले म्हणून पुढे कापूस कोंबला, आणि त्या कापसासकट त्यानं पहिला गोल मारला. नंतर गुडघा गेला त्याचा. मग मॅनेजर झाला. आणि वाईट नाहीये हो तो – हरतात, मान्य आहे, या हंगामात एकही सामना जिंकला नाही, पण चार वेळा बरोबरी झाली, त्याचं कुणी नाव काढत नाही. त्याचं एकच चुकतं, त्याला कुणाचं मन मोडवत नाही. आमचा गोलकीपर बघितलात? तो केस कापणारा. उभा तर असा राहतो, जसा किल्ल्याचा दरवाजा – पण चेंडू जवळ आला की डोळे मिटतो. पहिल्यापासून मिटतो. सगळ्यांना माहीत आहे, समोरच्या संघालाही माहीत आहे. धाकट्याला म्हटलं, अरे बदल की त्याला. तर म्हणतो, ताई, त्याची बायको प्रत्येक सामन्याला नवी साडी नेसून येते, तिच्यादेखत कसा बसवू? आता काय बोलायचं यावर.

तुम्ही काय कराल त्याचं? – नाही, सहज विचारते. – पुढे? पुढे म्हणजे गोल मारायला? – हं. म्हणजे चेंडू त्याच्याकडे येतो म्हणून तो डोळे मिटतो, त्याच्यापासून लांब जाणारा असला तर उघडे राहतील. आणि बायकोची साडीही वाया जायची नाही. – हे बरं आहे की हो तुमचं. एवढं साधं आमच्या नऊ जणांत एकाला सुचलं नाही. मलाही नाही सुचलं, आणि मी तर इथं उभी राहून रोज अख्खा संघ बदलते. चहा घ्या ना, गार होतोय. मी? मी नाही घेत. सोडलाय. नवस आहे माझा. – पहिले तीन सामने हरले ना, तेव्हा दिवा लावताना देवाला म्हटलं, हा संघ जिंकेपर्यंत माझ्या तोंडाला चहा लागणार नाही. मला वाटलं आठवडाभराचा प्रश्न आहे. आता पानं झडून पुन्हा फुटली. सवय होते हो, फक्त सकाळी डोकं दुखतं, आणि आतल्या नऊ जणांना गाळून देताना वास येतो तेवढाच. देव बघतो आहे. तो काही माझ्यासारखा घाईत नाही. आणखी एक वर्ष मिळालं धाकट्याला तर जिंकेल तो. म्हणूनच मी ते दाणे – जाऊ दे. देवाचं नाव घेऊन लबाडी केली, मला कळतं. सकाळपासून देवाकडे नीट बघितलं नाही मी, पाठमोरीच फुलं ठेवली.

साखर हवी का अजून? – असू दे, असू दे, ताई कशाला म्हणायचं, आपली ओळख ती किती – थांबा. ताई का म्हणालात तुम्ही? नाही, म्हणा, छान वाटतं, पण या घरात येणारा प्रत्येक माणूस मला वहिनी म्हणतो. अध्यक्षांची बायको म्हणून वहिनी. मला ताई म्हणणारा जगात एकच आहे. आणि मघाशी तुम्ही आत आलात तेव्हा मी सांगायच्या आधीच त्या स्टुलाकडे बघून हसलात – मी बघितलं होतं. त्या स्टुलावर तोच बसतो. कुठं भेटला तुम्हाला? ...एका संघात होता? कधी? ...बरं. आणि अर्ज करा म्हणून कुणी सांगितलं?

त्यानं.

त्यानं स्वतः? – नाही, मला बसायचं नाही, उभीच बरी आहे मी. काय म्हणाला? जसं म्हणाला तसंच सांगा, गोड करून सांगू नका. ...दमलोय म्हणाला. ...हं. ...एकदा तरी प्रेक्षकांत, वरच्या पायरीवर बायकोशेजारी बसून दुसऱ्या मॅनेजरला शिव्या द्यायच्यात म्हणाला – हे तो बोललाच असेल, हे त्याचंच आहे. मग सोडायचं होतं की सरळ. कुणी धरून ठेवलंय का त्याला? क्लब कधीचा काढायला टपलाय, आमचे हे तेवढे मधे अडकलेत – मेहुण्याला काढावं तर बायको, ठेवावं तर गाव. एक शब्द टाकला असता तर दोघंही सुटले असते. का नाही सोडलं मग त्यानं?

...माझ्या चहासाठी?

असं म्हणाला? ताईनं चहा सोडलाय, आता हरून कसा उठू? – वेडा आहे. जन्माचा वेडा आहे. म्हणजे तो तिकडे बाकावर बसून सामन्याकडे बघतच नव्हता, माझ्या कपाकडे बघत होता. आणि मी इकडे दिवा लावून देवाला म्हणतेय, त्याला बळ दे, त्याला तिथंच ठेव. देव तरी काय करणार? एक म्हणतेय ठेव, एक म्हणतोय सोडव, दोघं एकाच आईची लेकरं. मी त्याच्या पाठीशी उभी राहिले असं मला वाटत होतं – मी तर हो त्याच्या पाठीवरच बसले होते.

मिळाले! सांगा त्यांना, मिळाले म्हणावं! – उठा, ते झाकण काढा. चाळणी द्या ती. नाही, मोठी. असे ओता, हळू, सालं निघतील. टॉवेल कुठं ठेवला मी? तुमच्याच मागं आहे. पुसा, तुम्हीही पुसा, चोळू नका, नुसते टिपा. बाई गं, काय फुगलेत हे, एकेक दुप्पट झालाय. काळे बिचारे तसेच्या तसे आणि हे बघा, लग्नातून जेवून आल्यासारखे. चालतील? चालवायलाच हवेत. गोरेपणा काही गेला नाही त्यांचा. इथंच थांबा, हलू नका, आलेच मी.

...दिले. सगळे बघतच राहिले. खजिनदार म्हणाले, वहिनी, हे आजारी आहेत का? मी म्हटलं, भिजलेत, पण पांढरेच आहेत. आणि आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हटलं. हे आधी दाण्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस असा फार थोड्या वेळा बघतो. त्यांना कळलं दाणे कुठं होते ते. आणि मी ते का आणून दिले, तेही कळलं असावं – नक्की सांगता येत नाही, त्यांना कधीकधी उशिरा कळतं. बसा. आता बसा. डबा फिरायला लागला असेल.

ऐकलंत? – आत्ता, टण वाजलं ते. वाळका दाणा पत्र्यावर पडला की असा वाजतो. म्हणजे काळा. तो खजिनदारांचा, ते वयानं मोठे म्हणून आधी टाकतात, आणि ते कुणालाच हो म्हणत नाहीत, त्यांचं मनाला लावून घेऊ नका. – थप. आता हे थप म्हणजे... अरे देवा. अहो, भिजलेला थप पडतोय. त्यांचं सगळं गुपित माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतंय. इतक्या वर्षांची झाकली मूठ, आणि मी ती भिजवून ठेवली. नका हसू, ऐकू जाईल आत. कान झाकू या का? तुम्ही झाका. मीही झाकते.

...झाकले नाहीत ना तुम्ही? मीही नाही. थप. – टण. – थप, हा डॉक्टरांचा असणार. – टण. – आणखी एक टण. – हा थप. किती झाले? चार आणि चार. म्हणजे आठ जण झाले. उरले आमचे हे, अध्यक्ष शेवटी टाकतात. डबा आता त्यांच्यासमोर असेल. एवढा वेळ का लागतोय? हे असेच आहेत, भाजीवाल्यापुढेही असेच उभे राहतात. टाका हो. माझा विचार नका करू, टाका. देवा, मी आता काहीच मागत नाही, मला मागायचं कळत नाही असं दिसतंय – तूच काय ते –

थप.

...पुसते, पुसते, धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेली नाही ते मलाही दिसतंय, तुम्ही तुमचं बघा. उठा, बोलावतील तुम्हाला, शर्टाला साल चिकटलंय ते काढा. आत गेलात की चेहरा असा करा की तुम्हाला काहीच माहीत नाही. आणि ते स्टूल जरा भिंतीला टेकवून ठेवा, तो येईल जेवायला – आज त्याला घेवडा मिळत नाही, दुसरं काहीतरी बघते, काय झालं ते सांगायचं की नाही तेही बघते. चहा? छे, चहा मी आताही घेणार नाही. नवस धाकट्याच्या नावानं बोलले नव्हते मी, संघाच्या नावानं बोलले होते. संघ जिंकेपर्यंत. म्हणजे ते आता तुमच्याकडे आलं. पण तुम्ही अजिबात मनावर घेऊ नका.

थोडं घ्या.

जा, बोलावतायत.