तळहातभर निलगिरी

गुढियारी वस्तीतल्या बालरोगतज्ज्ञांकडे माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचं बाळ निपचित पडलेलं.

"श्रावणी, हा डोये काहून नाही उघडून राहिला?"

"आई, छातीला काय चोळलं?"

"तुयं निलगिरीचं तेल. सर्दी होती न त्याले."

"ते माझ्या पाठीसाठी आहे! वाटीभर तिळाच्या तेलात दोनच थेंब टाकते मी."

"मले वाटलं, तेल पुरवायले दुधात पाणी घालतात तसं करते तू. मी निव्वळच लावलं. नाकालेबी."

"किती?"

"मालिशीले घेते तेवढं. डॉक्टरले सांगू नको, बाई. माहा विशाल त्याच्या पोट्ट्याले हात लावू देणार नाही मले."

"नाही सांगितलं तर ते सर्दीचंच औषध देतील, आई. त्या तेलानंच गुंगी आली असेल त्याला."

"बेबी भार्गव! दीदी, अंदर आइए." नर्सनं हाक मारली.

"दे, मी धरते त्याले."

"नको. तुमच्या हातांना वास आहे अजून."

"साबणानं धुतले न!"

"चला आत."

दार उघडंच राहिलं.

"कुछ लगाया था बच्चे को?"

"निलगिरी का तेल, सर. बिना मिलाए."

"कितना?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. सासूबाईंनी तळहाताचा खोलगट द्रोण केला आणि डॉक्टरांपुढे धरला.