बारा पंचावन्न ते एक : उत्स्फूर्त

स्वरूपा : आणि हे काय, पप्पा? "बारा पंचावन्न ते एक, उत्स्फूर्त."

संभाजी : तूच म्हणलीस न्हवं, लग्नाचा दिवस मिनिटामिनिटाला बांधू नका, आपसूक काय घडायला जागा ठेवा? ठेवली. पाच मिनिटं.

स्वरूपा : त्या पाच मिनिटांत काय घडणार?

संभाजी : वधूपिता, म्हंजी मी, भावनावश होऊन दोन शब्द बोलतो.

स्वरूपा : लिहिलेत?

संभाजी : लिवायचं काय त्यात? पाठ हायेत.

स्वरूपा : मग उत्स्फूर्त कसे?

संभाजी : वही न बघता बोलणार.

अनिता : चहा घ्या दोघं. अहो, लग्न पाच दिवसांवर आलं. आपल्याच पोरीच्या लग्नाची सुपारी घेतलीया व्हय तुमी?

संभाजी : बावीस वर्षं मी लग्नात माइक धरतोय. इंदापूर-बारामतीत एक कार्यालय दाखव, जिथं माझा आवाज घुमला न्हाय. आन् माझ्या लेकीच्या लग्नात निवेदन दुसऱ्यानं करायचं? लोक म्हणतील, निरवांगीच्या संभाजीला घरच्यांनीच बोलावलं न्हाय.

स्वरूपा : तुम्हाला बोलवायचं कशाला? तुम्ही बाप आहात.

संभाजी : तेच म्हणतोय. वशिला हाय.

स्वरूपा : बरं, पुढचं वाचते. "बारा पस्तीस, शुभमुहूर्त. बारा पंचेचाळीस, सत्कार : कारखान्याचे संचालक, माजी संचालक, भावी संचालक." भावी?

संभाजी : निवडणूक हाय. दोघं उभं ऱ्हाणार. दोघांनाबी भावी म्हणायचं, कुणाला राग येत न्हाय.

स्वरूपा : "एक वाजता, जेवण. चार दहा, पाठवणी. चार तेरा, मातेचा हुंदका." आईनं चार तेराला रडायचं?

संभाजी : आधी तीन मिनिटं दिलीत की तिला. पुरत्यात.

अनिता : आन् मला चार पंधराला आला तर?

संभाजी : मी आवाज चढवतो. ऐकू जात न्हाय.

अनिता : आपल्या लग्नात कुठं काय ठरलं होतं? माझ्या मामाची म्हस दावं तोडून मांडवात शिरली, आन् ह्यांच्या गळ्यातला हार खाल्ला. आजबी माहेरी गेलं की लोक म्हशीचंच इचारत्यात. मंगलाष्टका कुणी म्हणल्या, कुणाच्या ध्यानात न्हाय.

संभाजी : म्हस ठेवायची का? बारा पन्नासला बसतीय.

स्वरूपा : पप्पा!

संभाजी : न्हाय, मागणी असली तर म्हणून इचारलं.

स्वरूपा : मी काय म्हणते, ऐका. पाठवणीला तुमचं ते ठरलेलं वाक्य असतं ना? "मंडळी, घरातला दिवा तोच राहील, पण उजेड आज..." आणि पुढं गावाचं नाव. या वेळी पणदरे, युवराजचं गाव. बरोबर?

संभाजी : "उजेड आज पणदऱ्याला निघाला." त्या वाक्यासाठी तर लोक मला बोलावत्यात. त्याला दगड रडतो.

स्वरूपा : मी सात वर्षांची होते. तुम्ही मला एका लग्नाला नेलं होतं. तिथं एका नवरीच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही हेच बोललात. "माझी लेक निघाली" म्हणालात, आणि रडलात. घरी आल्यावर मी आईला विचारलं, पप्पांना अजून किती लेकी आहेत?

अनिता : इचारलं होतंस. मी म्हणलं, हंगाम कसा जातोय त्यावर हाय.

स्वरूपा : म्हणून सांगते, मला तो उजेड नको. नऊशे पोरींनी वापरलेला आहे. माझ्यापुरतं काहीतरी बोला. नाहीतर बोलूच नका. पण माइक नको.

संभाजी : माइक नको? मग हात कुठं ठेवायचं?

अनिता : खिशात.

संभाजी : लेकीची पाठवणी हाय, एसटीची वाट बघायची न्हाय. आन् मी माइक सोडला तर धरणार कोण?

स्वरूपा : अंथुर्ण्याचे माऊलीकाका. मी विचारलंय त्यांना.

संभाजी : माऊली! अगं, तो सकाळी दहाव्याला श्रद्धांजली वाहतो, आन् दुपारी त्याच कागदाच्या पाठीमागं लग्न लिवून आणतो. गेल्या साली चांगल्या धडधाकट नवरदेवाला कैलासवासी म्हणला.

अनिता : अगं बया. मग?

संभाजी : मग काय? लोकांनी दोन मिनिटं शांतता पाळली.

अनिता : बघा. म्हणजे तितं तरी काहीतरी आपसूक घडलं.

स्वरूपा : पप्पा, विषय बदलू नका.

संभाजी : बदलत न्हाय. चहा पितोय.

स्वरूपा : कप मघाशीच रिकामा झालाय.

संभाजी : ... स्वरू, खरं सांगू का? मी त्या वाक्याला रडतो. दरवेळी. "उजेड" म्हणलं की डोळं भरत्यात, सवयच लागलीया त्यांना. आता वाक्य काढलं, माइक काढला, आन् आतनं काय आलंच न्हाय तर? लोकांच्या लेकींसाठी बावीस वर्षं रडलो, आन् तुझ्या येळेला कोरडा उभा ऱ्हायलो तर?

स्वरूपा : तर कोरडे उभे राहा.

संभाजी : तुला वाईट न्हाय वाटणार?

स्वरूपा : माहीत नाही. मला खरंच बघायचंय, काय होतं ते. आमच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना आला की आधी अहवाल लिहून मग माती तपासत नाही आम्ही.

संभाजी : आन् मातीत काय निघालंच न्हाय तर?

स्वरूपा : तर तसं लिहितो.

अनिता : मलाबी बघायचंय. सत्तावीस वर्षं संसार केला, ह्यांना माइकबिगर बोलताना ऐकलं न्हाय. आमटीत मीठ कमी पडलं तर "इथं मला आवर्जून नमूद करावंसं वाटतं" म्हणून सांगत्यात.

संभाजी : मीठ कमी होतंच त्या दिवशी.

अनिता : होतं. पण शेजारच्या वस्तीवरच्यांना कळायची काय गरज होती?

संभाजी : बरं, बरं. माऊलीला सांग ये म्हणून. पण कागद मी तपासणार, दोन्ही बाजूंनी. आन् पाठवणीच्या पुढं काय लिवू?

स्वरूपा : काही लिहू नका.

संभाजी : कोरी जागा? किती मिनिटांची?

स्वरूपा : ते त्या दिवशीच कळेल.

(लग्नाचा दिवस. जेवणं उरकली आहेत. कार्यालयाच्या दारात फुलांनी सजवलेली गाडी उभी आहे; नवरदेव युवराज आत बसला आहे.)

अनिता : अहो, माऊलीभाऊजी माइक घेऊन मागं उभं हायेत. म्हणत्यात, संभाजीरावांनी चार ओळी तरी बोलाव्या. बायका पदर हातात धरून थांबल्यात.

संभाजी : त्याला म्हणावं, बंद कर.

अनिता : माइक?

संभाजी : व्हय. बटन नको, वायरच काढ म्हणावं. बटन मला चालू करता येतं.

स्वरूपा : पप्पा...

संभाजी : हां.

स्वरूपा : काय होतंय?

संभाजी : काय न्हाय. बघतोय. ... जेवलीस का?

स्वरूपा : तुमच्याच शेजारी बसून जेवले.

संभाजी : व्हय, व्हय. जावईपाव्हणंबी होतं.

अनिता : अहो, समदी बघत्यात. बोला तरी, न्हायतर बाजूला तरी व्हा. गाडीच्या दारातच उभं ऱ्हायलाय तुमी.

संभाजी : बघू दे. स्वरू...

स्वरूपा : काय?

संभाजी : तू पुढं बस.

स्वरूपा : पुढं? ड्रायव्हरशेजारी?

संभाजी : व्हय.

स्वरूपा : पप्पा, नवरी मागं बसते. मागं एवढी फुलं लावलीत.

संभाजी : फुलं बसतील मागं. फुलांना काय होत न्हाय. तुला मागं बसलं की मळमळतंय. बारामतीपतुर वळणं हायेत, आन् आत्ताच जेवलीस. पाव्हणं, तुमी बसा मागं. काच खाली ठेवा, एसी लावला तरी ठेवा. ही सांगणार न्हाय. मळमळलं तरी सांगत न्हाय ती, नुसती गप बसती. गप बसली की गाडी थांबवायची.

अनिता : युवराज उतरलं बघा. पुढचं दार उघडलं त्यांनी.

संभाजी : हां. बस. साडी आत घे. पट्टा लाव.

स्वरूपा : पप्पा...

संभाजी : आता रडू नको. रडलं की जास्तच मळमळतंय.

स्वरूपा : तुम्ही रडताय की.

संभाजी : मी कुठं गाडीत बसणार हाय?