आप्पांनी गोळी रिजेक्ट केली

...रिजेक्ट! नाही, हसू नका, आधी ऐका... माझ्या सख्ख्या बापाने बीपीची गोळी रिजेक्ट केली! विसरले म्हणून नाही, कडू लागते म्हणून नाही... तपासून रिजेक्ट! पट्टीवर लाल स्टिकर, स्टिकरवर तारीख, तारखेखाली सही! औषधाच्या पट्टीवर सही कोण करतं हो? तुम्हाला सांगतो, मी जागेवर गार!

आता तुम्ही म्हणाल, असं कसं? तर आमच्या घरात तसंच आहे. आप्पा पिंपरीच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं क्वालिटीला होते. आलेला प्रत्येक बोल्ट मोजायचा, मापात असला तर आत, नसला तर लाल स्टिकर आणि परत. आणि मी? मी चाकणला प्रॉडक्शनला! ज्यांनी कंपनीत दिवस काढलेत त्यांना पुढचं सांगायलाच नको... दिवसभर मी ज्या जातीच्या माणसाशी भांडतो, 'अहो जाऊ द्या ना साहेब, एवढ्याशा चऱ्याने काय गाडी बंद पडणारे का', तोच माणूस संध्याकाळी माझ्या घरात सोफ्यावर बसलेला असतो, आणि त्याला मी आप्पा म्हणतो.

रिटायर झाले, पण सवय नाही रिटायर झाली. दुधाची पिशवी आली, तारीख बघ. गॅसची टाकी आली, सील बघ. औषधासाठी तर रजिस्टर! लांबडं, जाड पुठ्ठ्याचं... तारीख, बॅच नंबर, एक्स्पायरी, शेरा. कापलेली पट्टी चालत नाही, कारण कापताना एक्स्पायरी दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहते. आणि डॉक्टरची चिठ्ठी... ती लॅमिनेट करून आणलीय! मी म्हटलं, "आप्पा, चिठ्ठी कुणी लॅमिनेट करतं का?" तर म्हणाले, "कागद खराब झाला तर पुरावा ऱ्हात न्हाई."

बरं, ही काही हौसेची गोळी नाही. दोन वर्षांपूर्वी लग्नाला गेलो होतो, दोन दिवस गोळी चुकली, तर डाव्या हाताला मुंग्या, तोंड थोडं वाकडं, आणि आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये. तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "धम्मरत्न, एक दिवससुद्धा खंड नको. पुढच्या वेळी नुसत्या मुंग्यांवर भागणार नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात आजही तसंच आहे.

तर गेल्या आठवड्यातल्या बुधवारी... गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी, म्हणून गोळ्या बुधवारी आणायच्या. मोशीला आमच्या चौकात रियाजभाईंचं मेडिकल. संध्याकाळी सात म्हणजे अख्खी जनरल शिफ्ट काउंटरवर! कुणाला डायपर, कुणाला खोकल्याचं, एक जण मोबाइलचा चार्जर मागतोय... मी आपला घुसलो. "रियाजभाई, आप्पांची निळी पट्टी."

"नाही ना भाऊ. वरूनच माल नाही. पंधरा दिवस झाले."

गार! सात वर्षं एकच कंपनी, एकच निळी पट्टी, आणि आता वरूनच माल नाही? हे 'वरून' म्हणजे नेमकं कुठून हो? "काळजी कशाला करता," रियाजभाई म्हणाले, "दुसऱ्या कंपनीची देतो. आतलं औषध तेच. चिठ्ठी द्या, शिक्का मारायचाय." दिली चिठ्ठी. त्यांनी शिक्का मारला... तो घसरला! परत मारला, परत घसरला! शाई रियाजभाईंच्या बोटाला, बोटाची शाई गल्ल्याला, मागचे लोक ओरडतायत, "ओ भाऊ, आटपा ना राव!" आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. प्लँटमधून! लाइन थांबली! मी एका कानाने फोनवर ओरडतोय, दुसऱ्या कानाला गर्दी, आणि रियाजभाई समोरून काहीतरी सांगतायत, दोन बोटांची कात्री करून दाखवतायत... मला वाटलं, पट्टी कापतोय हा माणूस! मी ओरडलो, "कापू नका! अख्खी द्या, अख्खी!" ते परत काहीतरी बोलले. मी मान हलवली, पैसे दिले आणि निघालो.

घरी आप्पा तयारच! चष्मा, भिंग, आणि कंपनीतून निरोप देताना मिळालेला व्हर्नियर. मोजमापाचं स्टीलचं हत्यार हो, बोल्टची जाडी मोजायचं! त्याच्यात गोळी धरली.

"एक नंबर. रंग. जुनी पांढरी, ही पिवळट."

"आप्पा, आतलं औषध तेच आहे."

"दोन नंबर. माप. ही एक मिलिमीटर मोठी हाय."

"आप्पा, ती काय इंजिनात बसवायचीय का?"

"तीन नंबर. सप्लायर बदलला. मला कुणी इचारलं?"

आता बोला! सप्लायर! माझं टाळकंच फिरलं. दिवसभर तिकडं ऐकायचं, घरी येऊन परत तेच? मी म्हटलं, "तुम्हाला खायची तर खा, नाहीतर राहू दे," आणि उठून गेलो. ते मागून म्हणाले, "आरं, पुढचं तर ऐक." कोण ऐकतंय? परत येऊन बघतो तर लाल स्टिकर.

गुरुवारची अख्खी सुट्टी निळी पट्टी शोधण्यात गेली. कुरुळी फाटा, नाही. भोसरी, "उद्या विचारा." एका ठिकाणी दहा गोळ्या मिळाल्या, पण कापलेल्या, एक्स्पायरी गायब! रिजेक्ट! शुक्रवारी बायको म्हणाली, मोबाइलवरून मागवा. मागवली. तर म्हणे आमचे डॉक्टर आधी फोन करतील. आला फोन. "पेशंट बोलताय का?" घाईत म्हटलं, हो. "वय?" म्हटलं, एकाहत्तर. बाई थांबल्या... "काका, आवाज बराच तरुण आहे हो तुमचा!" म्हटलं, मुलगा बोलतोय. तर म्हणे मग पेशंटला द्या. पेशंट म्हणाले, "आधी तुमचा नोंदणी नंबर सांगा!" त्या बाईंनी फोनच ठेवला. शेवटी मीच परत हातापाया पडलो, तेव्हा म्हणाल्या, सोमवारी पोचेल.

सोमवारी! आणि गोळी शेवटची घेतलेली बुधवारी सकाळी. शनिवारी दुपारी साक्षीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, प्लँटमध्ये फोन. "अहो, वरचा आकडा एकशे ऐंशी दाखवतोय. आप्पा म्हणतात मशीनच तपासून आण. मला भीती वाटतीय." माझ्या डोळ्यांपुढे ती ॲम्ब्युलन्स आली. हाफ डे टाकला, नाशिक रोडच्या ट्रॅफिकमधून कसाबसा आलो. आप्पा शांत. "माल थांबवला म्हंजे थांबवला." मी हात जोडले, ओरडलो, पाया पडलो. नाहीच!

मग मी काय केलं सांगू? जे प्रॉडक्शनवाला करतो तेच केलं. क्वालिटीचा माणूस जेवायला गेला की माल पुढे ढकलायचा! स्वयंपाकघरात गेलो, लाल स्टिकर काढलं, एक गोळी चेचली, ताकात टाकली, वरून जिरे-मीठ, आणि ग्लास नेऊन दिला. "आप्पा, ताक घ्या, उन्हाचं बरं."

आणि मंडळी, तो माणूस... जो दुधाच्या पिशवीची तारीख बघतो... त्याने ग्लासाकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातातून घेतला आणि गटागटा पिऊन टाकला. वर म्हणाले, "झकास झालंय." मी मनात म्हटलं, जिंकलो!

तासाभरानं आप्पा उठले. उठले आणि जागेवरच बसले... बसले नाही हो, पडले! सोफा होता म्हणून! अंगाला घाम, डोळे वर. "धम्मा, अंधारी आली." मी गार... आता ते गमतीचं गार नाही, खरोखर हातपाय गार. आमच्याच बिल्डिंगखाली डॉक्टर बसतात, ते धावत आले. मशीन लावलं. नव्वद! पाय उशीवर ठेवले, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि मला विचारलं, "काय दिलंत?"

काय सांगू? सांगितलं. साक्षीनं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. डॉक्टर म्हणाले, "पट्टी आणि चिठ्ठी दाखवा." दाखवली. "अहो, ही पन्नासची आहे! ह्यांना पंचवीसची चालू आहे. डबल डोस दिलात तुम्ही!"

मी तणतणत रियाजभाईंना फोन लावला. ते उलट माझ्यावरच! "भाऊ, मी दोनदा सांगितलं, ही पन्नासची आहे, अर्धी करून द्या! बोटं करून दाखवली! तुम्हीच बोंबललात, अख्खी द्या, अख्खी!"

आणि मग मी ते रजिस्टर उघडलं. बुधवारचं पान. एक, रंग. दोन, माप. तीन, सप्लायर. चार, पाच, सहा... आणि सात नंबरला, खाली लाल रेघ मारून: 'ताकद ५०. हवी २५. वापरू नये.'

"आप्पा! हे आधी नाही का सांगायचं? पहिल्यांदा नाही का सांगायचं?"

आप्पा झोपल्या झोपल्या म्हणाले, "क्रमानं जायचं असतं. तू तिनालाच उठून गेला."

दोन तासांनी आकडा जागेवर आला. डॉक्टर त्याच गोळीची अर्धी रोज द्यायला सांगून गेले, आणि आप्पांनी ती घेतलीसुद्धा. मी त्यांच्या पायाशी बसलो होतो, म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं." त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग म्हणाले, "मी दूध तपासतो, गॅस तपासतो, व्हय, समदं तपासतो. तुज्या हातचं कधी तपासलं न्हाई." बस, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो. मी गॅलरीत जाऊन रडलो, तुमच्यापासून काय लपवायचं?

सोमवारी निळी पट्टी आली. आप्पांनी सातही नंबर तपासले, मी सातही नंबर बसून ऐकले, मान हलवत. पास झाली. मला वाटलं, मिटलं.

मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन गेलो. आप्पांनी रजिस्टर उघडलं. नवीन पान. वर ठळक अक्षरात, 'सप्लायर: धम्मरत्न.' खाली, 'तीन महिने शंभर टक्के तपासणी.' मग कप उजेडात धरला, वास घेतला, चमचाभर चहा मला पाजला, घड्याळ लावलं आणि म्हणाले, "थांब दहा मिनटं. तुला काय झालं न्हाई तर घेतो."

मी उभा. खाली कंपनीची बस हॉर्न मारतीय, शिफ्ट चुकतीय... आणि आयुष्यात पहिल्यांदा मी क्वालिटीवाल्याला म्हटलं नाही, की जाऊ द्या ना साहेब. तीन महिने काढायचेत... आज चौथा दिवस.